नेऱ्यात शिजवलेलं फॉन्ड्यू

आमचे हे स्वित्झर्लंडहून परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून माझ्यासाठी साडी निघाली नाही. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं एक मातीचं भांडं निघालं. तपकिरी रंगाचं, आतून काचेसारखं गुळगुळीत, एका बाजूला आखूड दांडा. मग लोखंडी तिवई, तिच्याखाली ठेवायचा स्पिरिटचा दिवा आणि लांबलांब काटे. प्रत्येक काट्याच्या मुठीला वेगळा रंग. सगळ्यात खाली मेणकागदात बांधून वर टॉवेल गुंडाळलेला चीजचा मोठा तुकडा होता.

टॉवेल सुटला तशा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावरून उठून दारात आल्या. नाकाला पदर लावलेला.

"काय मेलंय रं ह्यात?"

"आये, दुधाचं हाय. खरवसावानी."

"खरवसाला असा वास येतुय व्हय?"

हे हसले. मीही हसले असते, पण आत्याबाईंचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. त्यांनी आधी मागच्या दारात जाऊन वारा कुठला आहे ते बघितलं. मग पुढचं दार लावून घेतलं.

मी पुण्यात नाना पेठेत वाढलेली. लग्न होऊन नेऱ्याला आले त्याला तेव्हा दोनएक वर्षं झाली असतील. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आजूबाजूला सगळी शेतं होती. हिंजवडीलासुद्धा संध्याकाळनंतर चिटपाखरू दिसत नसे. ओढ्याच्या अलीकडे आमची बौद्धांची वस्ती, पलीकडे गाव. हे चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याची काही यंत्रं स्वित्झर्लंडहून यायची होती, ती शिकायला कंपनीनं ह्यांना सहा महिने तिकडे पाठवलं. वस्तीतच काय, अख्ख्या गावात परदेशी गेलेला तोवर दुसरा माणूस नव्हता.

आत्याबाईंना वासाची भीती का, ते मला त्यांनी कधी बसून सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यांच्या लहानपणी गावातलं मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम आमच्या लोकांकडे होतं. धम्म घेतला आणि ते काम सुटलं. सोडल्याबद्दल गावानं वाट अडवली, मजुरी बंद केली, तरी परत धरलं नाही. पण घराला कसलाही उग्र वास लागला की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. सुकट भाजायची झाली तरी वारा गावाकडे नाही ना, हे बघून भाजायच्या. "लोकं म्हंत्याली, ह्यांनी परत सुरू केलं," एवढंच त्या म्हणायच्या.

ते चीज आम्ही ओल्या फडक्यात बांधून रिकाम्या माठात ठेवलं. फ्रीज कुणाकडेच नव्हता. संक्रांत नुकतीच झाली होती, हवा गार होती, म्हणून आठवडाभर तरी टिकेल असं ह्यांचं म्हणणं.

त्याच रात्री जेवताना ह्यांनी भांड्याची हकिकत सांगितली. तिकडे हे एका म्हाताऱ्या जोडप्याकडे राहायला होते. पहिल्या रविवारी म्हातारीनं टेबलावर हे भांडं ठेवलं, खाली दिवा पेटवला. आत वितळलेलं चीज रटरटत होतं; फॉन्ड्यू म्हणतात त्याला. म्हातारी, म्हातारा, त्यांचा मुलगा आणि हे. चौघांनी पावाचा तुकडा काट्याला टोचायचा, भांड्यात बुडवायचा आणि खायचा. एकच भांडं.

"मी हात मागं घेतला," हे म्हणाले. "मला वाटलं, माझं वेगळं ताट येईल. म्हातारीनं माझ्या हातात काटा दिला आणि माझं मनगट धरून भांड्यात बुडवलं."

हे सांगताना ह्यांनी आपलं मनगट पुढे करून दाखवलं. आत्याबाई मात्र भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "सगळ्यांनी एकात? उष्टं खायाचं?"

"आये, काटा तोंडाला लावायचा न्हाई. नुसता पाव दातानं काढून घ्यायचा."

"तरी उष्टंच."

मग ह्यांनी खरं काय ते सांगितलं. निघताना म्हातारीनं ते भांडं ह्यांना दिलं, आणि हे एकट्यानं खायचं नसतं, पाहुण्यांबरोबर खायचं असतं, असं बजावलं. येत्या रविवारी पाहुणे बोलवायचे. पाहुणे म्हणजे ह्यांचा मित्र आणि त्याची बायको.

आत्याबाईंनी भाकरी ताटात ठेवली.

मित्र ओढ्यापलीकडचा. गावातल्या मोठ्या बागायतदार घरातला धाकटा मुलगा. शाळेत दोघं एका बाकावर, आता एकाच कारखान्यात. कँटीनमध्ये एकमेकांच्या डब्यातलं खायचे, हे मला माहीत होतं. पण कंपनीच्या बसमधून वाकडला उतरून दोघं सायकलवर मारुंजीपर्यंत बरोबर यायचे आणि नेऱ्याची शीव आली की मित्र पुढे निघून जायचा. ठरवून नाही, सवयीनं. त्या घरातलं कुणी आमच्या वस्तीत कधी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. आत्याबाईंनी त्यांच्या शेतात उभी हयात खुरपलं होतं. तिथं त्यांना चहा यायचा तो गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या कपातून.

"त्याला बोलावलंय?" मी विचारलं.

"बोलावलंय. येतो म्हणाला."

ह्या माणसाला सहा महिन्यांत काय झालंय, तेच मला समजेना. पूर्वी गावातून जाताना सायकलवरून उतरणारा माणूस. त्याआधी वर्ष-दोन वर्षांखाली मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जाळली होती. माझी मावशी तिकडची. ती अंगावरच्या लुगड्यानिशी नाना पेठेत आमच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या केसांना धुराचा वास होता. तो वास माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी पडल्या पडल्या कौलांकडे बघत राहिले. कौलांखाली बांबू, बांबूंखाली आम्ही.

दुसऱ्या दिवशी त्यात भर पडली. हे मोठ्या हौसेनं मला चीज कसं करतात ते सांगत होते. डोंगरातल्या एका गवळ्याकडे म्हातारा ह्यांना घेऊन गेला होता. तांब्याची प्रचंड कढई, तीत दूध कोमट करायचं, मग विरजायचं.

"कशानं? ताकानं?"

"नाही. वासराच्या पोटातून काढतात एक रस. त्यानं दूध लगेच धरतं."

"वासराच्या पोटातून म्हणजे? वासरू जिवंत असताना?"

हे थांबले. मला वाटतं, तोपर्यंत त्यांनी त्या गोष्टीकडे आपल्या गावातून बघितलंच नव्हतं.

शेतकऱ्याच्या घरचा मुलगा, त्याची बायको, गोठ्यात पूजली जाणारी गाय. आणि आमच्या घरात, आमच्या हातून, त्यांच्या पोटात हे गेलं असं उद्या कुणाला कळलं तर? आमचं कोण ऐकून घेणार? कुणी मुद्दाम चारलं असंच म्हणणार. घरं जाळायला तर निमित्तसुद्धा लागत नाही, इथं निमित्त आम्हीच शिजवून वाढणार होतो.

"मला हे नको," मी म्हणाले. "टाकून द्या ते. मातीत पुरा."

"मला तिकडं कुणी विचारलं नाही, तू कोण म्हणून," हे म्हणाले. "मी त्याला बोलावलंय. आता नको कसं म्हणू?"

"मग सांगा त्याला. सगळं सांगा. सांगितल्याशिवाय मी ते स्टोवर चढवणार नाही."

शेवटी हे सांगतो म्हणाले, आणि सांगितलंही. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून मित्राला वासराचं सांगितलं. मित्र खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "मला सांगितलंस ते बरं केलंस. मी खाईन. पर आता ह्ये आनि कुनाला बोलू नगंस. थोरल्याला तर न्हाईच."

थोरला म्हणजे मित्राचा मोठा भाऊ. वडील गेल्यापासून घर, शेती, सगळं त्याच्या हातात. उंच, जाड मिशा, राजदूत फटफटीवरून फिरायचा. चौदा एप्रिलच्या आमच्या मिरवणुकीत गाडी आडवी घालून उभा राहिलेला मी त्याला बघितलं होतं. तो ओरडला नव्हता, शिवी दिली नव्हती. नुसता बसून होता. मिरवणूक परत फिरली होती.

शुक्रवारी मी गिरणीत दळण घेऊन गेले. गिरणी गावात होती. पीठ पडायची वाट बघत बाहेर उभी असताना फटफटी थांबली. थोरला उतरला नाही, एक पाय जमिनीला टेकवून बसला.

"काय गं. रईवारी आमच्या धाकट्याला जेवाय बोलवलंय म्हनं?"

"व्हय," मी म्हणाले.

"काय करनार हायसा?"

"पाव... आणि दुधाचं."

"बरं हाय," तो म्हणाला, आणि किल्ली फिरवून गेला.

एवढंच. पण त्या "बरं हाय"चा अर्थ लावत मी घरी आले ती दळणाचा डबा तिथंच विसरून. आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "त्याला कळलंय." मग उठून कपाटातली लग्नाची दोन लुगडी, ह्यांचे शाळेचे दाखले आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर, असं सगळं त्यांनी एका पिशवीत भरलं आणि पिशवी मागच्या दाराशी ठेवली. तसबिरीच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. हे कामावरून आले, त्यांनी चौकोन बघितला, पिशवी बघितली, आणि तसबीर काढून परत जागेवर लावली. आत्याबाईंनी पिशवी मात्र हलवू दिली नाही.

रविवारी सकाळी हे चिंचवडहून शिळा पाव घेऊन आले. ताजा नको, कडक सालीचा हवा. मी त्याचे चौकोनी तुकडे केले. चीज किसायला घेतलं. वासाला मी तोवर सरावले होते, भाजलेल्या शेंगदाण्यासारखा आणि थोडा ओल्या गोठ्यासारखा. तिकडे ह्यात पांढरी दारू घालतात. पण आमचं पंचशील घेतलेलं घर; दारू आणायची नाही हे ह्यांनी आपणहूनच ठरवलं होतं. तिच्याऐवजी लिंबाचा रस आणि पाणी. भांड्याला आतून लसणाची पाकळी चोळायची, पाणी कोमट करायचं, किसलेलं चीज मूठमूठ सोडत जायचं आणि लाकडी चमच्यानं इंग्रजी आठाचा आकडा काढत ढवळायचं. हे मला दाखवत होते, मी ढवळत होते, आणि माझे कान बाहेर होते.

उन्हं कलल्यावर मित्र आणि त्याची बायको आले. रस्त्यानं नाही, हरभऱ्याच्या बांधावरून, मागच्या बाजूनं. ती माझ्याच वयाची. नवं पातळ नेसली होती, पण डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, कुणी ओळखू नये असा. आत आल्यावर तिनं पदर मागे घेतला. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. तीही घाबरलीय, हे बघून मला धीर यायला हवा होता. उलट वाटलं, म्हणजे घाबरण्यासारखं खरंच काहीतरी आहे.

पुरुष पुढच्या खोलीत बसले. ती सरळ माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि मग ओलांडून आत. आत्याबाईंचा हात कपाळाला गेला.

"वैनी, मी काय करू?" तिनं विचारलं.

स्टोवर भांडं होतं. मी चमचा सोडून तिच्याकडे वळले. तिला कुणी काही सांगितलेलं नसणार, हे मला दिसत होतं. तिच्या नवऱ्यानं ठरवलं, माझ्या नवऱ्यानं ठरवलं, आणि खाणार ती. मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. वासराचं. दूध कसं विरजतात ते. सांगताना मला कळत होतं, एका ओरडण्यात ती सगळं गाव गोळा करू शकली असती.

ती ओरडली नाही. भांड्याकडे बघत राहिली.

"आमच्या ह्यांना ठावं हाय?"

"आहे."

"बरं केलं मला सांगितलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मी नुसता पाव खाईन. चटनी असंल तर द्या. पर बसंन सगळ्यांसंगं."

आत्याबाईंनी तिळाची चटणी काढली आणि वाटीत घालून तिच्यापुढे धरली. तिनं वाटी हातात घेतली. त्या घरातल्या सुनेनं आमच्या घरातल्या वाटीला हात लावलेला आत्याबाई बघत होत्या. चेहरा आनंदाचा नव्हता, जत्रेत मूल हरवलेल्या बाईसारखा होता.

ह्या सगळ्यात भांड्याकडे लक्ष राहिलं नाही. बघते तर चीजचा रबरासारखा गोळा झालेला आणि वर पिवळट पाणी तरंगतंय. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी भांडं बघितलं, म्हातारीनं हेही सांगून ठेवलं होतं बहुतेक. वाटीत लिंबाचा रस घेतला, त्यात चमचाभर अरारूट कालवलं, आच कमी केली आणि ओतून जोरजोरात ढवळायला लागले. गोळा हळूहळू सुटायला लागला. आणि तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं फटफटीचा आवाज आला.

आम्ही सगळे जसेच्या तसे थांबलो. आवाज वाढत गेला, वस्तीत शिरला, दाराशी येऊन बंद पडला. आत्याबाईंनी मागचं दार सताड उघडलं आणि पिशवी हातात घेतली.

"आये, थांब," हे म्हणाले.

थोरला आत आला नाही. ओट्याखाली अंगणात उभा राहिला. दारातून त्याला सगळं दिसत होतं. चटईवर बसलेला भाऊ, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी असलेली भावजय, तिच्या हातातली वाटी. हे तसेच भांडं घेऊन पुढच्या खोलीत आले आणि तिवईवर ठेवलं. दिवा पेटवायला काडी ओढली ती विझली, दुसरी ओढली.

"कशाचं हाय त्ये?" थोरल्यानं विचारलं.

मला वाटलं, आता. आत्ताच होणार जे व्हायचं ते.

"दुधाचं," मित्र म्हणाला.

"कुनाच्या दुधाचं?"

"गायीच्या."

"असा वास?"

"तिकडं असाच असतो, दादा."

थोरल्यानं वास घेतल्यासारखी मान वर केली. मग ह्यांना म्हणाला, "तू जरा भायेर ये. बोलायचंय."

मित्र उठायला लागला. "मी येतो."

"तू बस," हे म्हणाले. "ढवळत राहा, नाहीतर परत गोळा होईल."

आणि ह्यांनी चमचा त्याच्या हातात दिला. मित्र खाली बसला आणि ढवळायला लागला. हे चपला घालून थोरल्याच्या मागे गेले. दोघं हरभऱ्याच्या बांधापर्यंत चालत गेले, तिथं थांबले. खिडकीतून दिसत होते, ऐकू येत नव्हते. थोरल्याची पाठ आमच्याकडे. ती रुंद पाठ आणि तिच्याआड अर्धे झाकलेले हे. मी खिडकीचा गज धरला होता. शेजारी मित्राची बायको येऊन उभी राहिली. तिचा श्वास माझ्या खांद्याला लागत होता.

थोरल्यानं हात वर उचलला. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं, कारण तिनं माझा दंड घट्ट पकडला. हात वर गेला आणि तसाच लांब शेताकडे वळला. तो काहीतरी दाखवत होता. कासारसाईच्या बाजूची त्यांची जमीन तिकडे होती. हात तसाच धरून तो बोलत होता. मग खाली घेतला. ह्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

ते परत आले तेव्हा दिवा निळा जळत होता आणि भांड्यात बुडबुडे येत होते. थोरला दारापर्यंत आला नाही. फटफटीवर बसला, आत्याबाईंकडे बघून "येतो गं" म्हणाला आणि गेला. आत्याबाई पिशवी धरून उभ्याच होत्या.

"चला, खा. गार होतंय," हे म्हणाले. बोलताना शांत होते, पण पावाचा तुकडा त्यांच्या काट्याला पहिल्या दोन वेळा लागलाच नाही.

मग आम्ही खाल्लं. मित्रानं हिरव्या मुठीचा काटा घेतला, बुडवला, फिरवला आणि तोंडात घातला. मी माझा बुडवला. चव खारट, जड, जिभेला चिकटणारी. मला आवडली की नाही हे आजही सांगता येणार नाही, कारण घशाखाली उतरत नव्हती. मित्राची बायको आमच्या मधोमध बसून पाव चटणीला लावून खात होती. बोलणं कारखान्याचं, थंडीचं, हरभऱ्याला लागलेल्या घाटेअळीचं. अंधार पडायच्या आत दोघं आले त्याच बांधानं गेले.

ते गेल्यावर भांड्याच्या तळाला तांबूस पापुद्रा राहिला होता. तिकडे सगळ्यात आधी त्यावरच उड्या पडतात, असं म्हणत ह्यांनी तो उलथन्यानं सोडवला. आत्याबाई म्हणाल्या, "खरवड हाय की ही." दुधाच्या भांड्याची खरवड त्यांना फार आवडायची. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चावत राहिल्या आणि मग एकदम विचारलं, "काय म्हनला त्यो?"

तेव्हा ह्यांनी सांगितलं. थोरल्यानं वासराबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्याला ते माहीतच नव्हतं. त्याला वेगळंच कळलं होतं. कंपनी पुढच्या वर्षी आणखी माणसं पाठवणार होती आणि धाकट्यानं घरी न सांगता नाव दिलं होतं. हे जेवण म्हणजे त्याचीच बोलणी, अशी थोरल्याची समजूत.

"त्याला तिकडं नेतुयास का?" त्यानं विचारलं होतं. आणि शेत दाखवून म्हणाला होता, "ह्ये मी येकट्यानं बगायचं व्हय? तू परत आलास. त्यो येनार न्हाई. मला ठावं हाय त्यो."

मला एकदम हलकं वाटलं. हसूच यायला लागलं. पण हे हसत नव्हते.

"जाता जाता अजून एक बोलला," हे म्हणाले. "हितं जेवला ह्ये गावात बोलू नगा. चा घेतला आसंबी म्हनू नगा. गावाला कळलं तर मंग माज्या हातात काय ऱ्हानार न्हाई."

माझं हसू तिथंच विरलं. आत्याबाईंनी पुढचं दार लावलं, कडी घातली आणि परत हलवून बघितली.

पुढच्या आठवड्यात आत्याबाईंना वाटत होतं तेच झालं. वास गावात पोचला होता. नळावर एका बाईनं आमच्या शेजारणीला विचारलं, तुमच्यात जनावर शिजवलं व्हय? दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं माझं दळण घेतलं पण डबा हातानं न धरता पायानं सरकवला. दोन दिवसांनी वस्तीतली माणसं म्हणायला लागली, रात्री जागं राहिलं पाहिजे. मी ह्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. त्यांना पाहुणे हवे होते, त्यांची म्हातारी तिकडे डोंगरात सुखात होती, आणि कौलांखाली मी होते.

ते थांबलं ते थोरल्यामुळे. पारावर ह्याच विषयावर बोलणं चाललेलं असताना तो म्हणाला म्हणे, "दूध व्हतं. मी बगितलंय." त्यानं बघितलंय म्हणजे तो आमच्या दाराशी गेला होता, हे सगळ्यांना कळलं. पण त्याला कोण विचारणार? विषय तिथंच मिटला. तो आमच्यासाठी बोलला असं मी मानत नाही. बोलणं वाढलं असतं तर त्याच्याच घरातल्या दोघांपर्यंत पोचलं असतं. तरी तो बोलला, हे खरं.

पुढच्या वर्षी धाकट्याचा नंबर लागला. जायच्या चारएक दिवस आधी, दुपारी, थोरला आमच्या अंगणात आला. फटफटीवरून नाही, चालत. हे घरी होते. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"तिकडं थंडी किती आस्ती?" त्यानं विचारलं.

"लई. नळातलं पानी गोठतं."

"मंग कापडं कसली लागत्यात? हितं कुटं मिळत्यात?"

हे आत गेले आणि आपला काळा लोकरीचा ओव्हरकोट घेऊन आले. सहा महिने अंगावर वापरलेला. थोरल्यानं तो लगेच घेतला नाही. बघत राहिला. मग हात पुढे केला, कोट खांद्यावर टाकला आणि निघाला.

मी ओट्यावर आले. तो वस्तीतून गेला, ओढ्यात उतरला. तिथं चिंचेखाली कुणी नसतं, टाकून द्यायचा तर तिथंच टाकेल, असं माझ्या मनात आलं, आणि मी खांबाला धरून बघत राहिले. तो पलीकडच्या चढावर दिसला. भर उन्हात, गावच्या रस्त्यानं चालला होता. कोट खांद्यावर होता.